.२२ रायफलची नळी साफ करायची अवजारं: पहिल्यांदा घेताना काय बघायचं

.२२ च्या (साधारण ०.२२ इंच भोकाच्या) नळीला गोळीपेक्षा साफसफाईचाच त्रास जास्त होतो. गोळी शिशाची, मऊ. तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा लेप. वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. अशा गोळीने पोलादी नळी झिजायला वर्षानुवर्षं जातात. चुकीचा दांडा चुकीच्या बाजूने घातला, तर तेवढंच नुकसान एका हंगामात होतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या पहिल्या रायफलचं तोंड मी स्वतः खराब केलं. तीन तुकडे एकमेकांत फिरवून जोडायचा ॲल्युमिनियमचा दांडा होता आणि बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग) काढायचा कंटाळा, म्हणून मी तो मझलकडून, म्हणजे नळीच्या तोंडाकडून, घालायचे. सहा महिन्यांनी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, पसरायला लागला. आधी गोळ्यांचा लॉट बदलला, मग पोझिशन बदलली, मग स्लिंग (रायफल हाताला बांधायचा पट्टा). शेवटी कोचनी कानात घालायची कापसाची काडी घेतली आणि नळीच्या तोंडाच्या कडेवरून आतून बाहेर अशी अलगद फिरवली. डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, कापसाचा एक तंतू अडकला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण तंतू मात्र दर वेळी तिथेच अडकत होता. गनस्मिथकडून क्राउन, म्हणजे तोंडाची ही कडा, नव्याने कापून घ्यावा लागला.

ही कडा एवढी महत्त्वाची का? गोळी नळीतून सुटते त्या क्षणी मागचा वायू तिच्या बुडाभोवती सगळीकडून सारखा बाहेर पडायला हवा. कडेला खाच असेल तर तिथून तो आधी निसटतो आणि गोळीला बारीकसा धक्का बसतो. ५० मीटरच्या टार्गेटवरची दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची आहे. एवढ्याशा जागेत असा धक्का लपत नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेमबाजी) जागतिक विजेतेपद मिळवलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य आणलं. तेव्हापासून १० मीटरवरून ५० मीटरकडे वळणारी मुलं रेंजवर दिसतात. एअर रायफलवर वाढलेल्या मुलांना नळी साफ करण्याची सवय फारशी नसते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांना सामान घेऊन देणाऱ्या आईवडिलांसाठी आहे.

१. आधी नळीत काय साचतं ते समजून घ्या

अवजार निवडायचं ते मळ बघून. .२२ रिमफायरच्या (बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या काडतुसाच्या) नळीत चार गोष्टी साचतात: दारूची काजळी, गोळीवरचं मेण, शिसं आणि प्रायमरची (ठोक्याने पेटून दारू पेटवणाऱ्या मसाल्याची) राख. प्रायमरमध्ये बारीक काचेची पूड असते. ती मळात मिसळून नळीच्या तळाशी, सहा वाजताच्या जागी बसते. म्हणून चिंधी मागेपुढे घासणं वाईट. काचेची पूड घेऊन तुम्ही पोलादच घासत असता.

सगळ्यात चिवट मळ चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे, रायफलिंग (नळीच्या आतल्या पीळदार खाचा) सुरू होतं तिथे, कडं धरतो. पूर्ण नळी लख्ख दिसली तरी हे कडं तसंच असू शकतं. चेंबरमध्ये काडतूस बसताना हाताला जड लागायला लागलं की आधी तिथे बघा.

तांबं मात्र साचत नाही, कारण मॅचच्या .२२ गोळीवर तांब्याचं आवरण नसतं. तांबं काढायची अमोनियाची द्रावणं मोठ्या बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) रायफलींसाठी असतात. ती घेऊ नका. त्यांच्यामुळे एक फसवणूकही होते. चिंधी निळी-हिरवी बाहेर येते आणि माणूस म्हणतो, बघा केवढा मळ निघाला. खरं तर ते द्रावण तुमचा पितळी जॅग (चिंधी टोचायची दांड्याच्या टोकाची खुंटी) आणि ब्राँझचा ब्रश खात असतं.

२. दांडा: पैसे इथे घाला

सगळ्या सामानात एकच वस्तू चांगली घ्यायची असेल तर ती दांडा. त्यात चार गोष्टी बघा.

अखंड हवा. जोडाच्या दांड्यात प्रत्येक जोडाला पायरी असते. ती बोटाच्या नखाला लागते, तशीच रायफलिंगलाही लागते. शिवाय असा दांडा दाब दिला की वाकतो आणि मधला भाग नळीला घासतो. प्रवासाला सोयीचा म्हणून दुकानदार हाच पुढे करतात. पेटीसकट, ब्रशांसकट स्वस्तात मिळणाऱ्या संचात बहुतेक वेळा हाच असतो.

कशाचा हवा? कार्बन फायबर किंवा प्लास्टिकचा लेप असलेलं स्टील, दोन्ही चांगले. कार्बन फायबर वाकलं तरी परत सरळ होतं आणि नवख्याच्या हाताला ते बरं. लेपाचं स्टील ताठ असतं, पण एकदा बाक आला की गेला. लेप कुठे सोलला, तर तो दांडा त्याच दिवशी बाजूला काढा. नुसतं ॲल्युमिनियम आणि पितळ मऊ असतं, म्हणून सुरक्षित वाटतं, पण त्या मऊपणामुळेच बाहेरची धूळ आणि काचेचे कण त्यात रुतून बसतात. मग दांड्याची कानस होते.

मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी. .२२ च्या बहुतेक नळ्यांत रायफलिंगचा पीळ १६ इंचांना एक फेरा असा असतो. म्हणजे ६५ सेंटिमीटरच्या नळीतून जाताना दांडा दीडपेक्षा थोडा जास्त वेळा फिरला पाहिजे. मूठ फिरत नसेल तर चिंधी पीळ सोडून सरळ घसरते आणि खाचांतला मळ तिथेच राहतो. दुकानात मूठ घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी दांडा फिरवून बघा. अडखळत फिरत असेल तर घेऊ नका.

लांबी आणि जाडी. बोल्ट काढून मागून दांडा घालायचा, तेव्हा नळीची लांबी अधिक ॲक्शनची (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाची) लांबी अधिक हाताला मोकळी जागा. लांब नळीच्या रायफलला साधारण ९० सेंटिमीटरचा, म्हणजे ३६ इंची दांडा लागतो. पण आंधळेपणाने घेऊ नका. बोल्टच्या मागच्या जागेपासून मझलपर्यंत टेप लावून मोजा आणि १०-१५ सेंटिमीटर वाढवा. जाडी .२२ साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या दांड्याची, साधारण ५ मिलिमीटर. घरात एअर रायफलचा ४.५ मिलिमीटर बोअरचा दांडा असेल तर तो इथे वापरू नका. तो पातळ असतो, मधे झुकतो.

आणि आटे. यात नवखे हमखास अडकतात. अमेरिकन दांड्यांच्या टोकाला त्यांचे इंची आटे असतात, युरोपियन दांड्यांना मेट्रिक. दांडा एका कंपनीचा, फेल्ट (नमद्याची गोळी) बसवायचा अडॅप्टर दुसऱ्या कंपनीचा घेतलात तर तो एक-दोन आटे बसतो आणि मग अडतो. तसाच पान्याने आवळला की दांड्याचं टोक गेलं. खोक्यावर आट्यांचा आकडा लिहिलेला असतो. तो दोन्ही खोक्यांवर सारखा आहे का बघा, नाहीतर जोडणारा अडॅप्टर त्याच दिवशी घ्या.

३. बोअर गाइड: वगळू नका

बोल्टच्या जागी बसणारी ही नळकांडी. तिच्यातून दांडा चेंबरच्या बरोबर मधून आत जातो. ती नसेल तर दांडा ॲक्शनच्या कडेला टेकतो आणि चेंबरपुढची रायफलिंगची सुरुवात घासतो. शिवाय द्रावण ट्रिगरमध्ये ओघळतं. गाइड रायफलच्या मॉडेलनुसार घ्यावं लागतं. सगळ्यांना चालतं म्हणून मिळणारं गाइड ढिलं बसतं आणि मग त्याचा काही उपयोग नाही. लावल्यावर बोटाने हलवून बघा, डुगडुगता कामा नये.

गाइड असूनही एक अडचण उरते, ती कुणी आधी सांगत नाही. मॅच रायफलची चीकपीस (गाल टेकवायचा भाग) बोल्टच्या बरोबर मागे उंच उभी असते. दांडा तिच्यावरून जाताना कमानीसारखा वाकतो आणि तो बाक नळीच्या आत जाऊन घासतो. साफसफाईआधी चीकपीस काढा किंवा पूर्ण खाली करा. तिची मूळ उंची आधी मिलिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवा, पेन्सिलची खूण करा. माझी विद्यार्थिनी एकदा हे विसरली आणि पुढचे दोन दिवस साइटमध्ये डोळा बसवत राहिली.

४. टोकाला काय लावायचं

फेल्ट. .२२ साठी माझी पहिली निवड हीच. लोकरीच्या दाट नमद्याच्या छोट्या गोळ्या, स्क्रूसारख्या अडॅप्टरवर फिरवून बसवायच्या. त्या नळीला सगळीकडून सारख्या भिडतात आणि कापायची-मोजायची भानगड नाही. .२२ साठीच्याच घ्या, ४.५ च्या ढिल्या पडतात.

जॅग. टोकदार पितळी खुंटी, तिच्यावर चिंधी टोचून ढकलायची. मझलच्या बाहेर गेली की चिंधी आपोआप गळून पडते, म्हणजे मळलेली चिंधी परत आत येत नाही. हा तिचा मोठा गुण.

लूप. सुईच्या नेढ्यासारखं टोक, त्यात चिंधी ओवायची. ती मागेपुढे ओढता येते आणि तोच तिचा दोष. नळीसाठी मी घेऊ नका म्हणेन.

ब्रश. ब्राँझचा एक घ्या, पण तो महिन्यातून एखाद्या वेळी, शिशासाठी. नायलॉनचा द्रावण पसरवायला बरा. स्टीलचा ब्रश दुकानात असला तरी हात लावू नका. ब्रश नळीच्या मधे असताना दिशा बदलायची नाही, कारण तारा उलट्या वळतात आणि अडकतात. पूर्ण बाहेर काढायचा, मगच परत. मी तर मझलबाहेर आल्यावर तो काढूनच घेते आणि दांडा मोकळा मागे ओढते.

५. चिंध्या

एनसीसीत ज्यांनी .२२ डिलक्स रायफल साफ केली आहे त्यांना चार इंच बाय दोन इंचांची चिंधी तोंडपाठ असते. ती पुलथ्रूच्या (नळीतून ओढायच्या दोरीच्या) फाशासाठी. जॅगवर तेवढी जाणार नाही. जॅगला साधारण एक इंचाचा चौकोन लागतो. कापड सुती, धुऊन मऊ झालेलं. जुनी सुती बनियन चांगली, टेरिकॉट नको, ते काही शोषत नाही.

माप हाताने कळतं. दांडा तीन बोटांनी धरून सलग, थोड्या जोराने गेला पाहिजे. तळहाताने रेटावं लागलं तर चिंधी मोठी आहे, दोऱ्यादोऱ्याने कापून कमी करा. आधी दोन-चार कापून बघा, मग शंभर कापा.

चिंधी किंवा फेल्ट आत अडकलं तर हातोडी घ्यायची नाही. दोन थेंब तेल सोडा, तासभर थांबा, मग सावकाश प्रयत्न करा, नाहीतर गनस्मिथकडे जा. आणि काहीही झालं तरी अडकलेली वस्तू गोळी झाडून बाहेर काढायचा विचार मनात आणू नका. नळी फुटते.

६. पुलथ्रू चालेल का?

स्पर्धेच्या गावी चालेल, घरी रोज नको. जुन्या पद्धतीची दोरी, पितळी वजन आणि फास असो, की ब्रश विणलेली जाड सापासारखी दोरी असो, धोका एकच. ओढताना दोरी एका बाजूला झुकते आणि क्राउनच्या त्याच जागेवर दर वेळी घासते. मळलेल्या दोरीवर काचेची पूड असतेच. ओढायची वेळ आली तर नळीच्या रेषेत, सरळ, दुसऱ्या माणसाला रायफल धरायला लावून ओढा. आणि ती विणलेली दोरी धुता येते, धुवा.

७. द्रावण आणि तेल

.२२ साठी साधं बोअर सॉल्व्हंट, काजळी आणि शिसं सोडवणारं, एक छोटी बाटली. आणि पातळ बंदुकीचं तेल. बॅलिस्टॉलसारखं दोन्ही कामांचं तेल घेतलंत तरी सुरुवातीला भागतं.

घरगुती उपायांबद्दल मला दर वर्षी विचारतात. खोबरेल लावू नका. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे डिसेंबरातल्या पुण्यात नळीत घट्ट होऊन बसेल. रॉकेल मळ काढतं, पण पोलाद कोरडं, उघडं ठेवून जातं आणि त्यावर तेलाचा हात फिरवला नाही तर गंज धरतो. शिलाई मशीनचं तेल अडीनडीला चालतं.

८. पहिल्यांदा साफ करताना क्रम

रायफल रिकामी आहे हे स्वतः बघा, बोल्ट काढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि चेंबरचं तोंड करंगळीने चाचपा. दुसऱ्याने तपासली असली तरी. काडतुसं त्या टेबलावर नकोतच.

मझलला एक्स्टेन्शन ट्यूब (नळीपुढे जोडलेली पोकळ नळी) असेल तर ती काढा, नाहीतर चिंधी तिच्या पोकळीत पडते आणि परत येताना दांडा क्राउनला धडकतो. फोरसाइटही (पुढची साइट) काढून ठेवलेलं बरं. रायफल पाळण्यात (रायफल आडवी ठेवायच्या स्टँडवर) किंवा दोन मऊ उशांवर ठेवा, मझल थोडं खाली, म्हणजे द्रावण ट्रिगरकडे येणार नाही. मझलखाली जुनं वर्तमानपत्र.

मग बोअर गाइड. पहिलं फेल्ट कोरडं, मागून पुढे, एकदाच. ते काळं-करडं, मेणाने चिकट बाहेर येईल. दुसरं द्रावणाने ओलं केलेलं, टपकणारं नव्हे. आता दहा मिनिटं थांबा, ही दहा मिनिटं चुकवू नका, कारण मळ सोडवायचं काम घासण्यापेक्षा वेळ जास्त चांगलं करतो. मग कोरडी फेल्टं, एकेक, करडा रंग फिका होईपर्यंत. अगदी पांढरं शुभ्र येईपर्यंत करत बसू नका. दर वेळी बाहेर आलेलं फेल्ट काढून टाकायचं आणि दांडा परत घालण्याआधी फडक्याने पुसायचा. बहुतेक जण दांडा पुसत नाहीत.

शेवटी चेंबर आणि बोल्टचा पुढचा भाग कापसाच्या काडीने. रायफल आठवडाभर ठेवायची असेल तर तेलाचा एक पातळ हात. पण झाडण्याआधी ते तेल कोरड्या फेल्टने काढायलाच हवं, नाहीतर पहिल्या गोळ्या कुठेही जातात. साफ केलेल्या नळीला मेणाचा थर परत बसायला काही गोळ्या लागतात. माझ्या रायफलला साधारण १५ लागतात. तुमच्या रायफलचा आकडा टार्गेटवर बघून वहीत लिहा. मॅचच्या आदल्या रात्री पूर्ण साफसफाई करू नका, त्यामागचं कारण हेच.

किती वेळा? माझा नेम असा: दर सरावानंतर एक-दोन कोरडी फेल्टं, द्रावणाची पूर्ण साफसफाई साधारण ४०० गोळ्यांनी. ग्रुप चांगला असेल तर नळीला छेडायचं कारण नाही.

९. एअर रायफल असेल तर

इथे दारूच नाही, म्हणून काजळी नाही. फक्त शिशाचा बारीक थर. ४.५ मिलिमीटरची फेल्टं पुरतात. कंपनीच्या पुस्तिकेत ती ढकलायची की झाडायची ते दिलेलं असतं, तसंच करा. ब्राँझचा ब्रश नको. आणि सिलिंडरच्या, व्हॉल्व्हच्या जवळ साधं खनिज तेल कधीही नाही. मॅच रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० बारची हवा असते. एवढ्या दाबाच्या हवेत तेलाची वाफ पेट घेऊ शकते आणि रबरी सीलही खराब होतात.

१०. पावसाळा आणि प्रवास

मुंबई, कोकण, गोवा इथल्यांसाठी जून ते सप्टेंबर वेगळा हिशोब. स्पंजाच्या पेटीत रायफल महिनोन्‌महिने ठेवू नका, स्पंज ओल धरून ठेवतो. घरी आल्यावर पेटी उघडी करून पंख्याखाली अर्धा तास, मग तेलाचा हात, मग कपाट, सोबत सिलिका जेल. दर आठवड्याला एक पांढरं फेल्ट फिरवून बघा. तांबूस छटा दिसली तर गंज सुरू झाला आहे, त्याच दिवशी साफ करा.

विमानाने स्पर्धेला जाताना सॉल्व्हंट आणि स्प्रेचे डबे पेटीतून काढा. ज्वलनशील द्रव चेक-इन सामानातही चालत नाही. कोरडी फेल्टं आणि दांडा पुरतो. रायफल दुरुस्तीला नेतानाही मूळ शस्त्र परवाना बरोबर हवा, परवानाधारकाच्या लेखी परवानगीशिवाय घरातल्या बिगरपरवान्याच्या माणसाच्या हाती ती पाठवायची नाही.

पहिल्या खरेदीची यादी

अखंड दांडा, बेअरिंगची मूठ
रायफलच्या मॉडेलचं बोअर गाइड
आटे जुळणारा फेल्ट अडॅप्टर आणि .२२ ची फेल्टं
एक पितळी जॅग, एक ब्राँझचा ब्रश
सुती चिंध्या, कापसाच्या काड्या
बोअर सॉल्व्हंट आणि पातळ तेल
दांडा ठेवायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना झाकण. कोपऱ्यात टेकवून ठेवलेला दांडा वाकतो
पातळ रबरी हातमोजे

शेवटची वस्तू चैन म्हणून सोडू नका. त्या करड्या फेल्टमध्ये शिसं असतं आणि ही कामं बऱ्याच घरांत जेवणाच्या टेबलावर चालतात. टेबल वेगळं घ्या. मळलेल्या चिंध्या जाळायच्या नाहीत, पिशवीत बांधून टाकायच्या. मुलांनी केलं असेल तर हातमोजे काढल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुतल्याशिवाय त्यांना डब्याला हात लावू देऊ नका.